मॅडमच्या मिस्टरांचा पोळा

"दादा, आरं ऐकून तर घे. दोन घंट्याचं काम हाये. टेम्पोत चढवायचे, हितं गल्लीत एक चक्कर मारायची, अन् जल्दी वापस. टेम्पोचा खर्चा हितले लोक देऊन राह्यले."

"कुणाचे बैल चढवायचे?"

"आपलेच. दुसऱ्याचे कशाला मागू?"

"अन् कधी?"

"उद्या. पोळ्यालाच तर पाह्यजेत."

पलीकडून, कुंभार पिंपळगावातून, थोरल्या भावानं तंबाखूची पिचकारी मारल्याचा आवाज आला. हा कल्याणदादा, तंबाखू थुंकूनच रागवायचा. तोंड भरलेलं असलं तर शिव्या नीट सुटत न्हाईत.

"माऊल्या, आसामात काय गवत खाल्लं का रं तू? वर्षातून एक दिस बैलाच्या मानंवर जू नसतं. आज सांच्याला म्या तेचे खांदे लोण्या-हळदीनं मळणार, अन् हात जोडून सांगणार, आज आवतण घ्या, उद्या जेवाया या. आवतण दिलेला पाव्हना टेम्पोत घालून तुह्या गल्लीत नाचवायला पाठवू? आबानं ऐकलं ना, तर चाबूक घिऊन जालन्याला यील. ठिव फोन."

माऊलीनं फोन ठेवला आणि पिठाचा हात परत परातीत घातला. पायाला अडीच वर्षांचा आर्यन लोंबकळत होता. भावानं सांगितलं त्यात माऊलीला नवीन काहीच नव्हतं. त्याच्याकडं कुणी असे बैल मागितले असते तर तो याहून घाण बोलला असता. हे ठाऊक असूनही त्यानं फोन केला, याचंच त्याला जास्त लागलं.

फोन केला तो पोरीपायी.

बायको आकांक्षा बँकेत साहेबीण. पहिली नेमणूक झाली ती थेट आसामात, दिब्रुगडला. माऊलीनं दुकानाची नोकरी सोडली, गाठोडं बांधलं आणि मागं गेला. दोन्ही लेकरं तिकडंच झाली. ती बँकेत, हा घरात. तिकडं बाजारातल्या मासेवाल्या बाया त्याला पोराला पाठीशी बांधून येताना बघायच्या आणि आणखी एक मासा त्याच्या पिशवीत टाकायच्या. बाप्या माणूस लेकराचं धुतो, याचं तिथं कुणाला पोट दुखलं न्हाई. या उन्हाळ्यात बदली झाली आणि अख्खा देश आडवा कापून चौघं जालन्यात उतरले. आपला जिल्हा, आपली बोली, आपली माणसं. माऊली रेल्वेतून उतरला तेव्हा त्याला वाटलं, चला, आता निवांत.

निवांत कशाचं! अंबड रस्त्याकडच्या नव्या वसाहतीत भाड्यानं घर घेतलं, तिथं सगळे आपलेच निघाले, हीच अडचण झाली. कुणी भोकरदनकडचा, कुणी राजूरकडचा, कुणी घनसावंगीचा. सगळ्यांच्या जमिनी कुठं रस्त्यात गेल्या, कुठं प्लॉटवाल्याला विकल्या. त्या पैशावर दोन-दोन मजले उभे राहिले, दारावर 'मातोश्री कृपा' आली, आणि जिच्या नावानं कृपा ती मातोश्री गावाकडंच राहिली. सांजच्याला ही मंडळी फाटकापुढं प्लास्टिकच्या खुर्च्या टाकून बसत, आणि 'शेतकऱ्याचं काय खरं न्हाई बघा' म्हणत पोट खाजवत. यांच्यातल्या एकानं जरी ह्या साली मातीत पाय घातला असंल, तर माऊली मिशी काढायला तयार होता.

हीच माणसं त्याला 'मॅडमचे मिस्टर' म्हणत. तो गच्चीवर कपडे वाळत घालायला गेला की खालून खोकले यायचे. समोरच्या घरातला तातेराव गल्लीचा पुढारी, त्याची बायको नंदाबाई तर भाजीच्या गाड्यावर सगळ्यांपुढं विचारायची, "काहो भाऊजी, पोळ्या गोल येतेत का आता? का अजून आसामचा नकाशाच?"

"गोल येतेत वैनी. तातेरावांना पाठवा शिकायला. नुस्ते बसूनच राह्यतेत."

त्या दिवसापासून नंदाबाई त्याच्याशी बोलायची न्हाई. माऊलीचं त्यात काही अडलं नव्हतं. अडलं ते राजनंदिनीचं.

पोरगी सहा वर्षांची. हिंदी बोलायची, मधे आसामी घुसायची, मराठी समजायची पण जिभेवर अडायची. बापाला ती 'देउता' म्हणायची, तिकडं बापाला तसंच म्हणतात. गल्लीतल्या पोरींनी ते ऐकलं आणि तातेरावची नात अर्पिता हिनं फर्मान काढलं, "देवता आला, नारळ फोडा!" गल्लीत कोण खेळणार, कोण न्हाई, हे अर्पिता ठरवायची. आजोबा पुढारी, तर नात काय कमी? तेव्हापासून राजनंदिनी फाटकाच्या आतल्या भिंतीवर बसून दुसऱ्यांचा लंगडीचा खेळ बघायची. घरातही बोलणं कमी झालं. परवा रात्री जेवताना तिनं विचारलं, "हम वापस कब जायेंगे?" आकांक्षानं घास खाली ठेवला. पोरगी झोपल्यावर ती माऊलीला म्हणाली, "अहो, लेकरांना शेजार लागतो. तुमचा तोरा घेऊन त्यांनी काय करायचं? थोडं गोड बोललात तर काय झडणार आहे?"

म्हणून माऊली गोड बोलायला गेला. तातेराव नेमका पोळ्याच्या तयारीत होता. वसाहतीत यंदा 'भव्य पोळा' ठरला होता. फलकावर तातेरावचा फोटो बैलाएवढा, बैलाचा फोटो तातेरावएवढा. सगळं होतं, मंडप, लाउडस्पीकर, फेटे. बैल तेवढे नव्हते.

"माऊली, तू तर रिकामाच असतो," तातेराव म्हणाला. "गावाकडून जोडी आण. तुह्या पोरीला अर्पितासंगं पुढं उभं करू, कासरा धरायला. फोटोत येईल."

रिकामा! पहाटेपासून दोन लेकरं, धुणं, भांडी, शाळेचे डबे, आणि हा रिकामा. ज्याच्या बुडाखालची खुर्ची झिजली तो कामाचा. माऊलीनं हे सगळं गिळलं आणि "बघतो" म्हणून आला. मग तो फोन झाला.

संध्याकाळी त्यानं जाऊन सांगितलं, बैल येत न्हाईत. पोळ्याच्या दिशी दावणीचा बैल कुणी देत नसतं.

"काहून? पैसे देऊन राह्यलो ना!"

"तातेराव, तुमच्याकडं जोडी होती तवा तुम्ही दिली असती का?"

तातेरावनं कान खाजवला. त्याच्याकडं जोडी होती हे त्यालाच आठवावं लागलं. "तुह्याकडून एक काम होत न्हाई," तो म्हणाला. "ऱ्हाऊ दे. अर्पिता एकटीच धरील."

दुसऱ्या दिवशी माऊलीनं सकाळीच पुरण शिजवलं. चार वाजता बाहेर ढोलकं वाजलं, गुबुगुबु, गुबुगुबु. तो बाहेर आला आणि दारातच थांबला.

तातेरावनं नंदीबैल आणला होता.

दारोदार मान हलवत फिरणारा, झूल पांघरलेला, कवड्या बांधलेला नंदी. मागं त्याचा मालक, ढोलकं घेऊन, भलत्याच घरी सोयरीक जुळल्यासारखा बावरलेला. त्या बैलाच्या खांद्यावर जन्मात जू पडलं नव्हतं. मऊ लुसलुशीत खांदा, घट्टा म्हणून न्हाई. आणि ज्यांच्या बापजाद्यांनी बैलाच्या जीवावर पोरं शिकवली, ते सगळे फेटे बांधून ह्या मान हलवणाऱ्यापुढं हळद-कुंकू घेऊन रांगेत. बैलाच्या पायाखाली गालिचासुद्धा अंथरला होता. माऊलीला वाटलं, जोडी बरोबर जमली. तोही कामाचा न्हाई, हेही न्हाईत.

राजनंदिनी नेहमीच्या भिंतीवर चढून बसली. आर्यनला कडेवर घेऊन माऊली तिच्या शेजारी उभा राहिला.

तातेरावनं माइक घेतला. "बंधूंनो, आपण शेतकऱ्याची लेकरं!"

मालकानं सवयीनं ढोलकं घासलं. गुबुगुबु. नंदीनं मान हलवली.

"आपण आपल्या मातीला कधी विसरणार न्हाई!"

नंदीनं मान हलवली.

पुढं नऊवारीतली अर्पिता कासरा धरून उभी, नाकात नथ, तोंडावर फोटोचं हसू. नंदाबाई मोबाईलवर व्हिडिओ काढून राह्यली होती. तातेरावचा आवाज चढला, "बळीराजाचा हा सोबती, ह्याच्या चरणी—"

तेवढ्यात सोबत्यानं मागचे पाय फाकवले, शेपूट उचलली आणि मुतला. थोडंथोडकं न्हाई, दिवसभराचं धरून ठेवलेलं. गालिच्यावर धबधबा पडला, शिंतोडे नऊवारीवर, नंदाबाईच्या मोबाईलवर, तातेरावच्या पांढऱ्या पायजम्यावर. अर्पितानं कासरा टाकून बोंब ठोकली. फेटेवाले बाप्ये पोरांच्या आधी मागं पळाले. एकाचा फेटा सुटून चिखलात गेला. नंदी मात्र मान हलवतच राहिला.

आणि भिंतीवरून हसू फुटलं.

राजनंदिनी हसत होती. तीन महिन्यांत माऊलीनं तिचा तसा आवाज ऐकला नव्हता. पोट धरून, भिंतीवरून घसरायच्या बेतानं, खिंकाळून हसत होती. ते ऐकून मंडपातली दोन-चार पोरंही खुसखुसायला लागली.

"ओ मॅडमचे मिस्टर!" तातेराव माइकवरूनच ओरडला, "पोरीला आवरा! संस्कार न्हाईत का काही?"

सगळ्या माना इकडं वळल्या. माऊलीनं पोरीच्या खांद्यावर हात ठेवला. आकांक्षाचं बोलणं आठवलं. गोड बोलावं, गप करावं, चूक झाली म्हणावं, उद्या खेळायला घेतील. राजनंदिनीनं त्याच्याकडं बघितलं, डोळ्यांत हसून हसून पाणी. हसणं थांबवू का, असं विचारणारी नजर होती ती.

"तातेराव," माऊली म्हणाला, "लेकरू हासून राह्यलं, मुतून न्हाई राह्यलं. आधी बैलाला आवरा."

पहिला ढोलकंवालाच हसला. मग मंडपातली पोरं उघडपणे फिदीफिदी करायला लागली, आणि बायांनी तोंडाला पदर लावले. तातेराव माइक बंद करायचं विसरला, आणि त्याची शिवी लाउडस्पीकरवरून अख्ख्या वसाहतीनं ऐकली.

माऊली लेकरांना घेऊन आत गेला. शेजार आता मिळतो कशाचा, हे त्याला कळत होतं. आकांक्षा घरी आल्यावर काय बोलणार, तेही कळत होतं. गॅसवर मंद ठेवलेलं पुरण खाली लागलं होतं. त्यानं वरचं वरचं काढून घेतलं आणि करपलेलं पातेलं मोरीत आपटलं.

फाटक वाजलं. दोन पोरी होत्या, मंडपातून पळून आलेल्या. त्या आत यायला घाबरत होत्या, पण जायलाही तयार नव्हत्या.

"राजी कुठंय?" एक म्हणाली. "आम्हाला मागून नीट दिसलंच न्हाई. कसं मुतला ते तिला करून दाखवायला सांगा ना."

राजनंदिनी कधी बाहेर गेली ते माऊलीला कळलं न्हाई. पायरीवर पाण्याचा आवाज आला, आणि तिन्ही पोरींचं खिदळणं. अर्पिता त्यांच्यात नव्हती. समोरच्या फाटकातून ती बघत होती, आणि नंदाबाई तिला दंडाला धरून आत ओढून राह्यली होती.

"आगं ए! कळशीतलं न्हाई! प्यायचं हाये ते!" माऊली मोरीतूनच ओरडला. "नळ कधी येईल त्याचा भरवसा न्हाई. बादलीतलं घ्या."

आणि राखेची मूठ घेऊन तो पातेल्याच्या बुडाला भिडला.