सीटखालचा नारळ

जांबे गावच्या धोंडाबाईचे दोन्ही मुलगे गाड्यांच्या शर्यतीत उतरायचे, आणि तेही एकमेकांविरुद्ध. हिंजवडीकडची जमीन विकल्यावर लोकांनी बंगले बांधले. या बहाद्दरांनी जुनी जिप्सी घेतली. गाडी एकच. मातीच्या ट्रॅकवर आधी थोरला विश्राम फेरी मारायचा, मग त्याच गाडीत धाकटा नथू बसायचा आणि बहुतेक वेळा कमी वेळात यायचा. विश्राम हसून घ्यायचा. आईला मात्र नथूच्या वेगाचा घोर लागलेला असायचा.

२००३च्या शर्यतीला तिनं देवापुढचा नारळ लाल फडक्यात बांधून आणला. "गाडीत ठिव रं, नथू."

नथू खो खो हसला. "आये, तपासणारे सुटी टाचणीबी ठिवू देत न्हाईत!"

तिचा चेहरा पडला. विश्रामला ते बघवलं नाही. नियम त्याला पाठ होता. तरी, परत देवापुढं ठेवतो असं सांगून त्यानं आईकडून नारळ घेतला आणि स्वतःची फेरी झाल्यावर, गाडीतून उतरता उतरता, गुपचूप सीटखाली सारला.

नथूच्या फेरीत तिसऱ्या वळणावर जिप्सी न वळता सरळ बांधावर चढली आणि उलटली. सगळ्यांत आधी विश्राम पोचला. नारळ ब्रेकच्या पेडलखाली अडकला होता. आत भाऊ विव्हळत होता, आणि या शहाण्यानं पहिला हात घातला तो नारळाला. शर्टात लपवून नंतर तो ओढ्यात फेकून दिला.

नथूचा उजवा पाय कायमचा आखडला. "ब्रेक दबलाच न्हाई," असं तो सांगत राहिला. मेकॅनिकनं बघितलं, तर ब्रेक ठणठणीत. मग गाव म्हणालं, गडी घाबरला आणि आता थापा मारतोय. आई म्हणायची, "नारळ न्हेला असता, तर ही येळ आली नसती." समोर विश्राम भाकरी मोडत बसलेला असायचा. नथूला दवाखान्यात न्यायचा तो, चपला हातात आणून द्यायचा तो. भाऊ असावा तर असा, असं लोक म्हणायचे आणि तो ते ऐकून घ्यायचा. आज सांगू, उद्या सांगू करता करता सहा वर्षं गेली. आपण भित्रे आहोत, हे त्याला पुरतं कळून चुकलं होतं.

२००९ला नथूनंच जिप्सी दुरुस्त करून घेतली. "माजं ऱ्हायलं दादा, तू तरी पळव." तपासणी झाली, विश्रामनं हेल्मेट चढवलं, तेवढ्यात नथू लंगडत दाराशी आला. हातात आईनं दिलेला नारळ, लाल फडक्यात बांधलेला.

"त्या येळी मी आयेचं ऐकलं न्हाई. तू ऐक. सीटखाली ठिवतो."

विश्रामनं त्याचं मनगट धरलं. "नगं. त्या दिवशी मी ठिवला व्हता. ब्रेकखाली त्योच अडाकला व्हता, नथ्या."

नथू दाराला धरून खाली बसला. नारळ त्यानं मांडीवर घेतला.

"म्हंजी ब्रेक मी दाबला व्हता."

"व्हय."

"सा वर्सं, दादा. मलाबी वाटाय लागलं व्हतं, मीच घाबरलो."

त्यानं आपल्या मुस्काटात मारावी, असं विश्रामला फार वाटलं. नथूनं हात उचलला नाही. "आयेला सांगू नगंस," एवढंच म्हणाला. "तिचा नारळ हाय. सोसायचं न्हाई तिला."

नथूच्या खिशातला मोबाइल वाजला. धोंडाबाईच होती. "ठिवला का रं?"

मांडीवरच्या नारळावर नथूनं हात ठेवला.

"ठिवला, आये. या येळी ऐकलं तुजं."