कोळवणचं पाणी दुपारी कुठं जातं?

आमच्या घरात सहल ठरत नाही, जाहीर होते. पंधरवड्यापूर्वी एका बुधवारी जेवताना सासऱ्यांनी, म्हणजे बाबांनी, भाकरीचा तुकडा मोडता मोडता सांगून टाकलं, "शनिवारी कोळवण. मुक्काम करायचा. पाणी मोजायचं आहे."

मुळशी तालुक्यातल्या कोळवणला आमची अर्धा एकर जागा आहे. दोन खोल्यांचं घर, आणि गेल्या पावसाळ्यात लावलेली आंब्याची, चिकूची मिळून पन्नास कलमं. बागेला रोज माणूस लागतं, असं म्हणत बाबांनी कोथरूडचा फ्लॅट बंद करून तिथं राहायला जायचं मनात पक्कं केलंय. सासूबाईंनी, म्हणजे आईंनी, भांडण न करता एकच अट घातली होती. "एप्रिलात झाडांना पाणी पुरलं तर मी येते. नाही पुरलं तर जागा विकायची आणि विषय बंद." बाबांनी लगेच टाळीला हात पुढे केला. जन्मभर पाटबंधाऱ्याची नोकरी केलेला माणूस पाण्याच्या पैजेला घाबरतो होय! मी आणि माझा नवरा समीर पंच म्हणून बरोबर निघालो.

तुम्हाला जायचं असेल तर सकाळी सातच्या आत चांदणी चौक ओलांडा, नाहीतर भूगावला गाडी बंद करून भाजी निवडायला बसा. पिरंगुटला मिसळ खाल्ली, तर्री मागून घ्यावी लागते आणि मागितल्यावर पश्चात्ताप होतो. पौडला मुख्य रस्ता सोडला की कोळवणचं खोरं सुरू होतं. पौडहून जीपही मिळतात, पण त्या भरल्याशिवाय हलत नाहीत आणि भरल्या म्हणजे किती, हे ड्रायव्हर ठरवतो. दोन्ही बाजूंना भातखाचरं, एप्रिलच्या या दिवसांत कोरडी आणि तडकलेली. मधूनच पुण्याच्या लोकांची फार्महाऊसं. त्यांच्या फाटकांवर 'निवांत', 'विसावा' अशी नावं आणि फाटकाला भलंमोठं कुलूप.

आमच्याकडे पाणी येतं ते वरच्या झऱ्यावरून, नळीनं. नळी आधी शेजारच्या सुंदराबाईंच्या अंगणातून जाते. तिथं त्यांचा एक नळ आहे, मग पुढे आमचा. सुंदराबाई, त्यांची म्हैस आणि त्यांची भेंडी या तिघी मिळून आमच्या जागेवर लक्ष ठेवतात. गेल्या गेल्या त्यांनी बाबांना धीर दिला, "पान्याची काळजी करू नका काका. हितं लई पानी हाय. झरा काय आटत न्हाई."

बाबांचा हिशोब तयार होता. पन्नास झाडं, प्रत्येकाला ठिबकच्या दोन तोट्या, प्रत्येक तोटी तासाला चार लिटर. म्हणजे तासाला चारशे लिटर. इथं कोणीही शहाणा माणूस थांबला असता. बाबांनी त्याचे क्युसेक केले. पुणेकरांना क्युसेक माहीत असतो तो पावसाळ्यात, धरणातून इतके हजार क्युसेक सोडले म्हणून नदीकाठच्या गाड्या हलवायच्या तेव्हा. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला अठ्ठावीस लिटरच्याही वर. तेव्हा आमच्या बागेची गरज निघाली शून्य पूर्णांक शून्य शून्य चार क्युसेक. हा आकडा बाबांनी अशा आवाजात सांगितला की मी नकळत आमची गाडी कुठे लावलीय ते पाहिलं.

मग त्यांनी नळीखाली बादली धरली, घड्याळ पाहिलं आणि जाहीर केलं, "शून्य पूर्णांक शून्य शून्य सहा. विसर्ग मुबलक आहे!" दुपार होताच आई "जरा सुंदराबाईंकडे जाऊन येते" म्हणत चप्पल घालून निघाल्या.

दुपारी समीरनं खात्री म्हणून पुन्हा मोजलं. तो हिंजवडीत अमेरिकन कंपनीचं काम करतो, त्यामुळे स्वप्नंही गॅलनमध्ये पाहतो. "मिनिटाला एक पूर्णांक एक गॅलन. बाबा, हे कमी आहे."

"तुझा गॅलन चुकला असेल. अमेरिकेचा गॅलन पावणेचार लिटरचा. आमचा इंग्लंडचा, साडेचारचा."

"दोन्ही धरून पाहिलं. तरी कमीच येतं."

"मग गुणाकार चुकला असेल."

बापलेक उन्हात उभं राहून संध्याकाळपर्यंत भांडले. मी आमटीभात केला. इथला आंबेमोहोर पौडच्या बाजारातून आणावा, शिजताना घर भरून वास येतो. त्या वासानंही दोघं आत आले नाहीत, एवढं सांगितलं तरी भांडणाची खोली कळेल.

रविवारी सकाळी मी मोजलं. मला ना क्युसेक येतो ना गॅलन. वीस लिटरची बादली दोन मिनिटांत भरली. बाबा खुलले. पण दुपारी त्यांनी स्वतः मोजलं. शून्य पूर्णांक शून्य शून्य दोन पाच. आता गुणाकाराला दोष देता येईना, कारण मोजणारे तेच. ते एका कलमापाशी जाऊन त्याची पानं उगाच पुसत उभे राहिले. "विकून टाकू," म्हणाले. मला फार वाईट वाटलं. या माणसाला मी कधी हरलेलं पाहिलं नव्हतं, पत्त्यांतसुद्धा नाही. पत्त्यांत ते लबाडी करतात.

मी फोन काढला आणि सगळ्यांचं म्हणणं तासाच्या लिटरमध्ये आणलं. शनिवारी सकाळी बाबा, साधारण सहाशे. दुपारी समीर, अडीचशे. रविवारी सकाळी मी, सहाशे. दुपारी बाबा, पुन्हा अडीचशेच्या आसपास. कोणाचंच चुकलं नव्हतं. प्रत्येकजण आपापल्या भाषेत खरं बोलत होता, म्हणून पाणीच कमी-जास्त होतंय हे कोणाला दिसलं नाही. आणि दोन्ही दुपारी "जरा सुंदराबाईंकडे जाऊन येते" असं म्हणून कोण गेलं होतं?

मी शेजारी गेले. सुंदराबाईंचा नळ भसाभसा वाहत होता, म्हशीच्या हौदातून ओसंडून पाणी भेंडीच्या सरींत चाललं होतं. आई बाजेवर बसून कच्ची करवंदं मिठाला लावून खात होत्या.

"नळ कोणी सोडला?" मी विचारलं.

"मी," सुंदराबाई म्हणाल्या. "काकी म्हनल्या सोड, सोडला. माज्या भेंडीचं काय वाकडं झालं त्यात?"

आईंनी मला करवंद दिलं. लाच म्हणून फारच आंबट होतं.

"आई, बाबा जागा विकायला निघालेत."

त्यांचा हात थांबला. "विकायचं मी बोलून गेले गं. मला ते नकोय. मला फक्त यायचं नाहीये. साठाव्या वर्षी पोहायला शिकले मी. रोज सकाळी आम्ही चौघी मैत्रिणी तलावावर जातो. इथं कशात पोहू, या हौदात? त्यांनी माती तपासली, ऊन पाहिलं, पाणी तर दहादा मोजलं. मला विचारलं एकदा तरी?"

मला हसूही येत होतं आणि त्यांच्या बाजूनं भांडावंसंही वाटत होतं. पण सांगितलं त्यांनीच, जेवायला बसल्यावर, पिठल्याची वाटी बाबांकडे सरकवत. "दुपारचा नळ मी सोडायला लावला होता. मला इथं राहायला यायचं नाहीये, आणि तुम्ही मला एकदाही विचारलं नाहीत."

बाबांनी वाटी जवळ ओढली. मग म्हणाले, "म्हणजे माझं माप बरोबर होतं?"

"अहो, तेवढंच ऐकलंत?"

"नाही," बाबा हळूच म्हणाले. "सगळं ऐकलं. विचारायला हवं होतं मी."

पुढचं सोपं निघालं. पौडच्या दुकानातून हजार लिटरची टाकी, भरली की आपोआप पाणी बंद करणारा तरंगता गोळा आणि पहाटे तासभर ठिबक सुरू करणारा टायमर आणला. बागेला लागतात तासाचे चारशे लिटर. अडीचशेच्या धारेनंही टाकी चार तासांत भरते, त्यामुळे सुंदराबाईंची भेंडी खुशाल पिऊ दे. बागेला रोज पाणी लागतं, रोज माणूस लागत नाही. तुमचंही असंच फार्महाऊस असेल तर बादली आणि घड्याळ घ्या, सगळे आकडे तासाच्या लिटरमध्ये लिहा आणि मोजताना घरातली सगळी माणसं कुठं आहेत ते पाहून घ्या.

घरी येऊन आठवडा झाला. टायमर चालतोय, सुंदराबाईंचा रोज फोन येतो, "झाडं हायेत बरी, तुमी कवा येताय?" काल चहाच्या वेळी बाबांनी आईंना विचारलं. खरोखर विचारलं, मी साक्षीदार आहे.

"तिकडे किती जायचं, ते तू सांग."

"आठवड्याला एक दिवस," आई म्हणाल्या.

बाबांनी कप खाली ठेवला. त्यांचे ओठ हलायला लागले. "म्हणजे वर्षाला बावन्न. ते जर सलग घेतले तर..."

"अहो," आई म्हणाल्या, "रूपांतर करायचं नाही."