मुशीची पावडर आणि आमच्या टीचर

कॅन्सर शिकवायला फावडं हातात घेणारी बाई मी दुसरी पाहिली नाही. वसईतल्या आमच्या शाळेच्या विज्ञानाच्या टीचर अख्खा वर्ग स्वतःच्या वाडीत नेत. विहिरीचं पाणी केळींना नेणारा पाट दाखवून म्हणत, "गाठ ही लबाड शेजारीण. वाढायचं झालं की तुमचा पाट फोडून स्वतःकडे वळवते. रक्ताचा पाट!" मग फावडंभर चिखल पाटाच्या तोंडावर थापत. "अंगातली काही प्रथिनं हेच करतात. नव्या रक्तवाहिन्या फुटू देत नाहीत. आता वाढेल कशावर?"

स्वतःचा कान पिळून त्या सांगत, "ही कास्थी, मऊ हाड. हिच्यात रक्तवाहिनी शिरत नाही, कारण अशी प्रथिनं इथं पहाऱ्यावर आहेत."

अर्धवट उत्तराची त्यांना भयंकर चीड. कोणी मध्येच थांबलं की टेबलावर हात आपटून एकच शब्द, "पुढे?" आम्ही त्यांना मागून 'पुढे टीचर'च म्हणायचो.

तीन वर्षांपूर्वी आईच्या आतड्यात गाठ निघाली. ऑपरेशनची तारीखही मिळाली. तेवढ्यात मला माणिकपूरच्या एका दुकानात मुशीच्या, म्हणजे शार्क माशाच्या, कास्थीची पावडर दिसली. 'गाठीचं रक्त तोडते' म्हणे! मला लगेच टीचरचा कान आठवला. मी, शहाणी, तारीख महिनाभर पुढे ढकलली आणि आईला दुधातून पावडर पाजत बसले. आजही स्वतःच्या थोबाडीत मारावंसं वाटतं.

टीचर केळी घेऊन आईला बघायला आल्या. पावडरचा डबा दिसला. मी तोऱ्यात म्हटलं, "टीचर, तुम्हीच शिकवलंत, कास्थीत प्रथिनं असतात."

"पुढे?"

"पुढे काय? आई ती खाते."

"आणि पोटात ती पचतात, मेले! गाठीपर्यंत पोचतात कुठं? जन्मभर मासळी खातेस, कल्ले फुटले का तुला?"

आल्या होत्या त्याच रिक्षातून त्यांनी आम्हाला हॉस्पिटलात नेलं. ऑपरेशन झालं, केमो झाली. सलाईनमधून नव्या रक्तवाहिन्या रोखणारं खरं औषधही दिलं. डॉक्टर मला नको नको ते बोलले, बरंच झालं. टीचर मात्र परतताना पुटपुटल्या, "चूक माझी गं. कान पिळला आणि पुढचं सांगितलंच नाही." याचा मला फार राग आला. विकणारा मजेत, पाजणारी मी, आणि अपराधी कोण, तर ही म्हातारी?

गेल्या महिन्यात टीचर झोपेतच गेल्या. त्यांना माती देऊन आई आणि मी परतत होतो, तर माणिकपूरला त्याच दुकानावर फ्लेक्स! टीचरचा फोटो, 'भावपूर्ण श्रद्धांजली', आणि खाली तोच डबा. माझ्या अंगाची आग आग झाली. काय निर्लज्ज माणसं ही! बाईची माती अजून ओली होती.

मी रिक्षावाल्याला पैसे देईपर्यंत आई उतरून दुकानात शिरलीसुद्धा. दुकानदार एका घाबरलेल्या नवरा-बायकोला सांगत होता, "ताई, मुशीच्या कास्थीत असं प्रथिन असतं ना, की गाठीचं रक्तच बंद..."

आईनं काउंटरवर हात आपटला.

"पुढे?"