मला आणि मले

शनिवार, १८ जानेवारी २०२५, सकाळी सात वाजून वीस मिनिटे. यवतमाळच्या आमच्या महिला महाविद्यालयाच्या बास्केटबॉल कोर्टावर प्राचार्यांनी दोन मिनिटांची शांतता जाहीर केली आणि आजी-माजी खेळाडू माना खाली घालून उभ्या राहिल्या. आमच्या प्रशिक्षक मॅडमना जाऊन आठवडा झाला होता. माझ्या शेजारी माझ्या वेळची कर्णधार होती. मेकॅनिकची ही उंच मुलगी साऱ्या संघाची 'बाजी', म्हणजे थोरली बहीण. ती पुटपुटली, "मॅडम असत्या ना, तं आत्ताच चिल्लावल्या असत्या. कोर्टावर मुकं कोन हाय व?"

पुढच्या रांगेत कुणीतरी फिस्सकन हसले. शांतता तिथेच संपली.

मॅडमच्या खेळाचे पहिले सूत्र असे की, चेंडू मिळत नसतो, मागावा लागतो, आणि मागण्याचा शब्द एकच, "मले!" राजूरच्या खाणकामगाराची मुलगी असो वा वणीच्या व्यापाऱ्याची, कोर्टावर सगळ्यांची भाषा हीच. मोठ्या शहरांतले संघ आधी हसत. नंतर हरत.

मी तेव्हा भौतिकशास्त्राची विद्यार्थिनी आणि शिक्षक दांपत्याची कन्या. आमच्या घरी वऱ्हाडी बोलल्यास वाक्य दुरुस्त करून परत मिळे. पहिल्याच सरावात रिंगखाली अगदी मोकळी उभी राहून मी म्हणाले, "बाजी, मला पास देता का?" वाक्य संपेपर्यंत दुसऱ्या बाजूला बास्केट झालेली होती.

मॅडमनी शिट्टी फुंकली. "अवं, अर्ज कायले करून राह्यली? आधारची झेरॉक्स जोडतं का संग?"

"पण मॅडम, मी 'मला' म्हटलं होतं."

"'मले' म्हण. बॉल येते."

"दोन्ही शब्द दोनच अक्षरांचे आहेत. फरक पडण्याचं काही कारण नाही."

"मंग मोजून दाखव."

मी खरोखरच मोजले. मोबाइलमध्ये आवाज मोजणारे अ‍ॅप घेतले, तो गुणलेखकाच्या टेबलावर ठेवला आणि रिंगखालून दोन्ही शब्द ओरडले. 'मला' अडुसष्ट डेसिबल, 'मले' एकोणऐंशी. 'आ' उच्चारताना तोंड अधिक उघडते, तेव्हा निकाल उलटा यायला हवा होता. तरीही पुराव्यापुढे मान तुकवून मी जाहीर केले, "शब्दातच जोर आहे, मॅडम."

त्या मनापासून हसल्या. "शब्दात कायचा जोर? 'मला' म्हणतानी तू आईपुढं उभी राह्यतं. 'मले' म्हणतानी कोर्टावर."

मला हे अमान्य होते. पुरावा कुठे होता? "तेवढाच दम लावून 'मला' म्हणून पाहावं लागेल."

"पाह्य. एकोणऐंशीच्या वर नेलं, त्या दिवशीपासून तुले 'मला' म्हणाची मोकळीक."

मी अनेकदा प्रयत्न केला. दर वेळी तोंडून तोच नम्र अर्ज निघाला. पुढे मी संशोधनासाठी पुण्याला गेले. दिवाळीला फोन केला की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असे, "मोजलं का व?" आणि माझे उत्तरही. ज्यांना निकाल कळवायचा त्याच आता नव्हत्या. पण म्हणून प्रयोग अर्धवट सोडणे मला पटेना. त्यांचे म्हणणे खरे होते की माझे, हे मला त्याच सकाळी जाणून घ्यायचे होते.

शांतता मोडल्यावर सामना सुरू झाला, आजी विरुद्ध माजी. अ‍ॅप चालू करून मोबाइल पुन्हा गुणलेखकाच्या टेबलावर ठेवला. प्रयोगशाळेत मी वीस नोंदी घेतल्या असत्या. इथे माझा दम पाहता एकच शक्य होती. चेंडू बाजीकडे होता आणि मला अडवणारी अठरा वर्षांची मुलगी क्षणभर मागे पडली होती.

"मला!"

चेंडू तळहातांवर असा आदळला की बोटे झिणझिणली. मी नेम धरला, चुकले, चेंडू रिंगला लागून बाहेर गेला.

"अल्ला! इतका मस्त पास वाया घालवला व!" बाजी कमरेवर हात ठेवून ओरडली.

तिला उत्तर न देता मी टेबलाकडे धावले. पडद्यावर 'मला!'च्या क्षणी नोंदला गेलेला आकडा होता, त्र्याऐंशी. जोर शब्दात नव्हताच.