चंद्रीची धार आधी

चार सडांपैकी दोन सडांतून दूध येतच नव्हतं. तिसऱ्यातून आलं ते फाटलेलं, पाणी वेगळं आणि गुठळ्या वेगळ्या. कासेला हात लावला की चंद्री लाथ झाडायची. गयाबाई तिच्या तोंडाशी उभी राहून तिची मान खाजवत होती.

"दगडी हाय न, डॉक्टर?"

दगडीच होती. आम्ही मॅस्टायटिस म्हणतो. सडाच्या भोकातून जंतू आत शिरतात, कास सुजते, घट्ट होते. वेळेत उपाय झाला नाही तर तो सड कायमचा मरतो. यावर सडात सोडायची औषधाची ट्यूब असते. आमच्या दवाखान्यात ती नव्हती, म्हणून मी नागपूरला जिल्ह्याच्या साहेबांकडे गेलो.

"ट्यूबा नाहीत. वर मागणीचा इंडेंट पाठवलाय."

"कधी येतील?"

"आल्यावर कळेल."

"तोवर गाईचं काय करू?"

"तोवर तुम्ही कशासाठी आहात?"

रिकाम्या हातानं परत आलो.

गयाबाईच्या गोठ्यात चार गाई. तिची आई भिवापूरकडची, तिनं लग्नात एक गाय दिली होती, या सगळ्या त्याच गाईच्या लेकी-नाती. नवरा कोराडीच्या पॉवर स्टेशनमध्ये लागला होता, क्वार्टर मिळालं होतं. गाई विकून तिकडे चल, हा त्याचा धोशा. दूध सुरू आहे तोवर मी हलत नाही, हे तिचं म्हणणं. शेवटी तो एवढ्यावर कबूल झाला होता. म्हणजे दूध आटलं की गाई गेल्या.

"माही माय कोरफड, हळद अन् चुना वाटून लावत जाय," ती म्हणाली. "लावू का?"

झाडपाल्यावर माझा फार विश्वास होता अशातला भाग नाही. पण माझ्याकडे होतं काय? म्हटलं, लाव. आधी कास धू, खराब दूध पूर्ण पिळून काढ, मग पातळ लेप, दिवसातून पुष्कळदा. आणि एक गोष्ट बजावून सांगितली. चांगल्या गाईंची धार आधी काढायची, चंद्रीची सगळ्यांत शेवटी, आणि नंतर हात साबणानं धुवायचे. तिनं मान डोलावली.

आठवड्यानं गेलो तर चंद्रीची कास मऊ झाली होती. दूध जवळजवळ स्वच्छ. खरं सांगतो, मला आनंद झाला, आणि थोडी शरमही वाटली. गयाबाई तर फुलली होती.

"आता बाकीच्यायलेबी लावून राहिली," ती म्हणाली. "त्यायले होऊच नये म्हणून."

संध्याकाळच्या धारेची वेळ होती. ती बादली घेऊन सरळ चंद्रीखाली बसली. धार झाली, तिला लेप लावला, हात पदराला पुसला, आणि लेपाची तीच वाटी घेऊन दुसऱ्या गाईकडे गेली.

"गयाबाई, चंद्री आधी काहून?"

"तिले दुखते न. जिले दुखते तिले पयले मोकळी कराव. माय असंच करे."

मी काळं फडकं मागितलं आणि बाकीच्या तिन्ही गाईंच्या पहिल्या धारा त्यावर घेतल्या. काळ्यावर पांढरे कण उठून दिसतात. तिघींच्याही दुधात कण होते. चंद्रीच्या कासेतले जंतू त्याच हातानं, त्याच वाटीतून गोठाभर पोचले होते. लेपाचा यात काडीचा दोष नव्हता.

पुन्हा साहेबांकडे गेलो. इंडेंट अजून वरच होता. गयाबाई आता सगळं सांगितल्याप्रमाणे करत होती, वाट्या वेगळ्या, हात धुऊन धुऊन चिरलेले. पण त्या तिघींना लेप मानवला नाही. एकेकीची कास दगड होत गेली. मी रोज सायकल मारत जायचो आणि रोज नुसता बघून यायचो. डॉक्टर म्हणवून घ्यायची लाज वाटे.

नवऱ्यानं चारही गाई विकल्या. चंद्री दूध देत होती, तरी विकली.

"एका गायीसाठी इथं कोण अडून राहते?" तो मला म्हणाला. त्याचंही चूक म्हणता येईना.

ट्रक गेल्यावर गयाबाई रिकाम्या गोठ्यात बसून होती.

"माह्याच हातानं झालं न, डॉक्टर?"

मी तिच्या शेजारी गव्हाणीच्या कडेला टेकलो.

"तुमी सांगतलं होतं," ती म्हणाली. "पण ती हंबरून राहिली होती न. तिले कसं म्हनाव, तू थांब?"

पुढे नोकरी संपेपर्यंत औषध देण्याआधी मी प्रत्येकाला विचारत आलो, आजारी गाईची धार कधी काढाल? सगळे बरोबर सांगत, शेवटी. आणि घरी जाऊन हंबरणाऱ्या गाईखालीच आधी बसत.