उघड्यावरची किल्ली

ताईंनी रुग्णालयाच्या नोंदणी विभागात वीस वर्षं टाइपिंग केलं. लोकांचे आजार टाइप केले, पण एकाचाही उच्चार घरी केला नाही. कॉम्प्युटर आले तेव्हा बरोबरीच्या बायका कुरकुरल्या. ताई पुस्तकं आणून लिनक्स ही कमांडवर चालणारी संगणकप्रणाली शिकल्या. धाकटी जाऊ हसायची, "जाऊबाई, त्या काळ्या पडद्यात काय दिसतं हो?" ताई म्हणायच्या, "तो फटकळ आहे, पण खोटं बोलत नाही." पन्नाशीत सर्व्हर त्यांच्या गळ्यात पडला, कारण तो दुसऱ्या कुणालाच नको होता.

एका सोमवारी सकाळी फोन खणखणू लागले. रुग्ण घरबसल्या रिपोर्ट पाहायचे ती वेबसाइट उघडताच 'सुरक्षित नाही' असा इशारा येत होता. साइट खरी असल्याची ग्वाही देणाऱ्या सर्टिफिकेटची मुदत संपली होती. अधीक्षक धावत आले.

"जुनी स्क्रिप्ट आहे ना? चालवा आणि मोकळ्या व्हा."

ताईंनी ती स्क्रिप्ट, म्हणजे सर्टिफिकेट आणण्याच्या कमांडची फाइल, उघडली. डोमेनच्या, म्हणजे साइटच्या पत्त्याच्या, खात्याची मुख्य किल्ली सरळ अक्षरांत मधोमध लिहिलेली, आणि फोल्डर असा की चाळीस जणांनी केव्हाही उघडावा. ती किल्ली ज्याच्या हाती लागेल तो साइट हवी तिकडे वळवणार. वर पाटी रुग्णालयाची, आत दुकान चोराचं.

"तसं पाच मिनिटांत होईल साहेब, पण मी हे असं चालवणार नाही. नवं टोकन, म्हणजे मोजक्या अधिकाराची किल्ली, काढते आणि जुनी किल्ली रद्द करते. खातं तुमच्या नावावर आहे, तुमच्या फोनवरचा कोड लागेल."

"लोक बोंबलताहेत आणि तुम्ही काथ्याकूट करताय! मला मीटिंग आहे."

"दोन तास द्या. मग हवा तर ठपका ठेवा."

अधीक्षक तणतणत गेले. ताई मागोमाग जाऊन मीटिंगच्या दाराशी उभ्या राहिल्या. आतून दोनदा "नंतर" आलं, तरी हलल्या नाहीत. तिसऱ्यांदा टकटक केल्यावर साहेबांनी दार किलकिलं करून सहा आकडे पुटपुटले.

नव्या टोकनला ताईंनी एवढाच अधिकार दिला, की सर्टिफिकेटपुरती एक नोंद बदलावी. बाकी कशाला हात लावायचा नाही. रूटच्या, म्हणजे सर्व्हरच्या मुख्य खात्याच्या, फोल्डरमध्ये रिकामी फाइल केली. आधी तिच्यावर सहाशेची परवानगी लावली, म्हणजे रूटशिवाय कुणाला वाचता येऊ नये, आणि मगच टोकन आत उतरवलं. कमांडमध्ये ते टाइप केलं नाही. टाइप केलेलं कमांडच्या इतिहासात नोंदलेलं राहतं. एकदा रंगीत तालीम घेतली, मग खरं सर्टिफिकेट आणलं. बाराच्या आत साइट उघडली. लगेच त्यांनी जुनी किल्ली रद्द केली आणि पुढचं सर्टिफिकेट मुदतीआधी आपोआप येईल अशी सोय लावली.

चार वाजता अधीक्षक जाब विचारायला आले, तेवढ्यात फोन वाजला. तीन वर्षांपूर्वी साइट बनवून गेलेला कंत्राटदार होता. ताईंनी स्पीकर लावला.

"ताई, तुमच्याकडे काही बदललंत का? माझ्या नव्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर तुमची जुनी स्क्रिप्ट किल्लीसकट राहिली होती. ती रोज आपोआप डोमेनची नोंद तपासते, आज एरर देतेय."

"त्या कॉम्प्युटरवर कोण कोण बसतं?"

"कुणीही," तो ओशाळून म्हणाला. "खरंच विसरलो हो."

"पुसून टाका. आत्ता, मी फोनवर आहे तोवर."

अधीक्षकांनी खुर्ची ओढली. मग हळूच म्हणाले, "आणखी कुठे असेल हे?"

"शोधते. उद्या औषध भांडाराच्या सर्व्हरपासून सुरुवात. तुमचा फोन मात्र हाताशी ठेवा."

शुक्रवारपर्यंत अशा पाच किल्ल्या सापडल्या, पाचही बदलल्या. एक तर भांडारप्रमुखांनी चिठ्ठीवर लिहून कॉम्प्युटरला चिकटवली होती. ती काढताना ते गृहस्थ इतके हळहळले, की जणू दातच उपटला.

दोन महिन्यांनी सर्टिफिकेट आपलं आपण नवं झालं. ताई तेव्हा रजेवर होत्या. कुणाचाही फोन आला नाही.