तिसरा घाव

तुकुम्मेकचं काम ऐकण्याचं. उत्तर ध्रुवाकडच्या कानाकच्या खाडीत वर्षभर पाण्याखाली ठेवलेलं ध्वनियंत्र सप्टेंबरात वर काढतात, आणि त्यात साठलेला प्रत्येक आवाज कशाचा हे ती संशोधन केंद्रातल्या संगणकावर नोंदते. सील, लांब सुळ्याचा नारव्हेल देवमासा, जहाज, बर्फ, माणूस. समुद्र कधी गोठला, कधी फुटला, कोणता प्राणी कधी आला-गेला, हे संशोधक त्यावरून जुळवतात. "कानांवर हेडफोन चढवले की घरचं कुणी हाक मारत नाही," असं ती हसून म्हणायची.

गेल्या वर्षी मे महिन्यात तिचा थोरला कुत्र्यांची गाडी घेऊन सीलच्या शिकारीला गेला. खाडीच्या तोंडाशी प्रवाहामुळे बर्फ पातळ असतो. दोन कुत्री तुटलेल्या दोऱ्यांसकट परत आली. तो आला नाही, प्रेतही मिळालं नाही.

मेलेल्याचं नाव नव्या बाळाला मिळेपर्यंत आमच्याकडे ते कुणी उच्चारत नाही. जानेवारीत तिची धाकटी, इवालू, बाळंत झाली. मुलगी झाली म्हणून काही अडत नव्हतं; नावाला बाई-पुरुष नसतं. अडलं तुकुम्मेकपाशी. नाव द्यायचं म्हणजे तो मेला हे मान्य करायचं.

"वहिनी, पोरगी रडून रडून निळी पडते," नणंद पाद्लोक म्हणाली. "नाव मागतेय ती."

"पोटात दुखत असेल. तुझा केक खाल्ला की माझंही दुखतं."

"आणि ते बिचारं नाव बाहेर थंडीत हिंडतंय, त्याचं काय?"

"तो मेला हे तुला कुणी सांगितलं?"

फेब्रुवारीत ती ऐकत ऐकत मे महिन्यापर्यंत पोचली. अनोळखी बर्फावर पाऊल टाकण्याआधी शिकारी लोखंडी टोकाच्या दांड्याने घाव घालून बघतो. ज्याची त्याची एक पद्धत असते. थोरल्याची बापाकडून आलेली: दोन झटपट, मग थांबायचं, मग तिसरा जोरात. तुकुम्मेकला कुत्र्यांचे पंजे ऐकू आले, गाडीचं घासणं ऐकू आलं. दोन घाव ऐकू आले. तिसरा आला नाही. काहीतरी तडतडलं, आणि मग बराच वेळ नुसते सील. तिने 'माणूस' अशी नोंद केली, घरी गेली, सीलचं सूप केलं.

काही दिवसांनी संशोधक सिग्ने तिच्या टेबलाशी आली.

"तुकुम्मेक, जुलैच्या आवाजांत तू 'माणूस' लिहिलंयस. तेव्हा वर बर्फ कुठे होता? उपग्रहाच्या चित्रात नुसतं पाणी आहे. माणूस उभा कशावर राहील?"

"मलाही तेच कळत नाही. तू ऐक."

सिग्नेने ऐकलं. एकच घाव, जोरात.

"हिमनग तळाला घासला असेल."

"असेल."

"परत येतो?"

"सप्टेंबरपर्यंत येतच राहतो. दर वेळी थोडा जवळून."

सिग्नेने नोंद बदलली नाही.

त्या दिवशी तुकुम्मेक थेट इवालूकडे गेली. पाद्लोक तिथेच कॉफी पीत होती. तुकुम्मेकने बूटही काढले नाहीत.

"तो दुसऱ्या घावानंतर गेला," ती म्हणाली. "तिसरा अजून घालतोय. उभं राहायला जागा शोधतोय."



रविवारी चर्चमध्ये बाळाला थोरल्याचं नाव दिलं: मिटेक. आता ते घ्यायला हरकत नाही. घरी सगळं गाव कॉफीला आलं, नारव्हेलची कातडी खायला कापली गेली. तुकुम्मेकने नात मांडीवर घेतली.

"आलास? किती उशीर केलास रे."

पोर रडायचं थांबलं, असं पाद्लोक सगळ्यांना सांगत फिरली. इवालूच्या म्हणण्याप्रमाणे तिला नुकतंच पाजलं होतं.

या सप्टेंबरात यंत्र पुन्हा वर आलं. नाव घरी आलं असेल, तर या जुलैच्या आवाजांत तो घाव असायला नको. तुकुम्मेकने जूनपर्यंतच्या नोंदी केल्या आणि सिग्नेला म्हणाली, "पुढचं तू ऐक."

सिग्नेने ऐकलं आहे. तुकुम्मेक विचारत नाही. सिग्ने रोज सकाळी तिच्यासाठी कॉफी ओतते, मिटेकला दात आले का म्हणून चौकशी करते, आणि जुलैबद्दल काही बोलत नाही.